प्रवाहाचा आकार

बोरिवली ते विरार या टप्प्याचे विद्युतीकरण १९३६ साली पूर्ण झाले आणि वसईची खाडी ओलांडून विजेवरची लोकल पहिल्यांदा या भागात आली. वाफेच्या इंजिनाची गाडी विरारकरांना नवी नव्हती. १८६७ पासून विरारहून मुंबईला रोज एक गाडी जात होती आणि एक येत होती. विजेची गाडी मात्र आधी १९२५ मध्ये हार्बर मार्गावर कुर्ल्यापर्यंत धावली, मग ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा–बोरिवली मार्गावर, आणि त्यानंतर आठ वर्षांनी विरारला पोचली. मुंबईच्या लोकलचा इतिहास लिहिताना या तारखा येतात, आणि त्यांच्यासोबत दोन आकडे येतात: आधी १५०० व्होल्ट डीसी, आणि फेब्रुवारी २०१२ पासून चर्चगेट–विरार मार्गावर २५,००० व्होल्ट एसी. व्होल्टचा हा इतिहास खरा आहे, पण अपुरा आहे. गाडी ओढणारा, तार तापवणारा, ब्रेकर पाडणारा तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. त्याच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर ‘इतका प्रवाह लागतो’ एवढ्यावर विषय संपतो. माझे म्हणणे असे, की विरारच्या मार्गावर प्रवाह किती हा मुख्य प्रश्न कधीच नव्हता. तो कसा चढतो, कसा उतरतो, त्याची लाट कशी दिसते, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. ऑसिलोस्कोपला जोडायचा करंट प्रोब हे आजच्या प्रयोगशाळेचे उपकरण १९३६ च्या त्या प्रश्नाचेच उशिरा मिळालेले उत्तर आहे.

आधी साधा हिशेब पाहू. १५०० व्होल्टवर एक मेगावॉट शक्ती घ्यायची तर सुमारे ६६७ अँपिअर लागतात. तीच शक्ती २५,००० व्होल्टवर ४० अँपिअरमध्ये मिळते. म्हणजे डीसीच्या काळात एकाच सबस्टेशनच्या टप्प्यात दोन-तीन गाड्या एकदम सुटल्या, की फीडरमधून हजारो अँपिअर वाहत. हा प्रवाह मोजायची पद्धत शंटची. जाड पितळी ठोकळ्यांमध्ये मँगॅनिनच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांतून सगळा प्रवाह जातो, आणि पूर्ण प्रवाहाला त्या पट्ट्यांवर जेमतेम ७५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो फरक पॅनेलवरच्या मीटरपर्यंत दोन बारीक तारांनी आणायचा आणि मीटरच्या तबकडीवर थेट अँपिअर लिहायचे. पद्धत अतिशय भरवशाची आहे, आजही तिच्याइतकी अचूक पद्धत क्वचितच सापडेल. पण तिच्यात दोन अडचणी आहेत. शंट बसवायचा तर वाहक मध्येच तोडून बसवावा लागतो. आणि तो भारित बाजूला बसवला तर त्या दोन बारीक तारांवर, म्हणजेच मीटरच्या डब्यापर्यंत, १५०० व्होल्ट येऊन उभे राहतात. त्याहून महत्त्वाची मर्यादा काट्याची आहे. मीटरचा काटा जड असतो, तो थरथरू नये म्हणून त्याची हालचाल मुद्दाम मंदावलेली असते, आणि म्हणून तो क्षणाचा प्रवाह सांगत नाही. थोड्या वेळाची सरासरी सांगतो.

या मर्यादेमुळे काय धोका होता, हे कळायला लोकल सुटते तो क्षण आणि दूरवर तार तुटून रुळावर पडते तो क्षण शेजारी ठेवून पाहावे. सबस्टेशनजवळ शॉर्ट सर्किट झाले तर प्रवाह इतका प्रचंड वाढतो, की कुठलाही ब्रेकर तो ओळखेल. खरी परीक्षा लांबच्या दोषाची. समजा, दोष दहा किलोमीटरवर आहे, तार आणि रूळ मिळून वाटेतला रोध अर्धा ओहम आहे. मग १५०० व्होल्टवर प्रवाह ३००० अँपिअरच्या पुढे जाणारच नाही. आणि गर्दीच्या वेळी तीन गाड्या एकत्र सुटल्या तर त्याही एवढ्याच प्रवाहाच्या आसपास पोचू शकतात. आकड्यावरून दोन्ही घटना सारख्याच दिसतात. ब्रेकरला ‘३००० च्या वर गेले की पड’ असे सांगितले, तर दोष सापडणार नाही. ‘२५०० ला पड’ म्हटले, तर संध्याकाळी सहाला सगळा मार्ग ठप्प होईल. फरक आहे तो चढण्याच्या वेगात. वाटेतले इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला होणारा विरोध, १० मिलिहेन्री धरले, तर दोषाचा प्रवाह पहिल्या क्षणी दर मिलिसेकंदाला १५० अँपिअरने वाढतो, आणि शंभर मिलिसेकंदांच्या आत जवळपास पूर्ण उंची गाठतो. सुटणारी गाडी तेवढीच चढण पार करायला काही सेकंद घेते, तीही पायऱ्यापायऱ्यांनी, कारण मोटरच्या मार्गातले रोध एकामागून एक कमी केले जातात. डीसी ट्रॅक्शनच्या अभियंत्यांनी या फरकावर जो तोडगा काढला, तो मला विद्युत अभियांत्रिकीतल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. हाय-स्पीड सर्किट ब्रेकरमध्ये प्रवाहाला दोन समांतर वाटा द्यायच्या: एक ब्रेकर पाडणाऱ्या चुंबकाजवळून जाणारी, आणि दुसरी लोखंडी पत्र्यांनी वेढलेली, म्हणजे जास्त इंडक्टन्सची. प्रवाह सावकाश चढला तर तो दोन्ही वाटांत रोधाच्या प्रमाणात वाटला जातो. झपाट्याने चढला तर लोखंडाची वाट त्याला अडवते, बहुतेक प्रवाह चुंबकाजवळून जातो, आणि एकूण आकडा लहान असतानाच ब्रेकर पडतो. तांबे आणि लोखंड यांखेरीज काहीही न वापरता हे यंत्र प्रवाहाचा आकार ओळखत होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. पाऊणशे वर्षे लोकल काट्याच्या मीटरवर आणि अशा ब्रेकरवर चालली, मग आकार ‘मोजण्याची’ गरज होती कुठे? पडायचे तेव्हा ब्रेकर पडत होता, एवढे पुरे नव्हते का? रोजच्या चालवण्यापुरते ते पुरत होते, हे मान्य. गाडीतसुद्धा असाच एक न दिसणारा मापक होता: मोटरचा प्रवाह ठरावीक मर्यादेखाली उतरला, की मगच पुढचा रोध काढू देणारा करंट लिमिटिंग रिले. मोटरमनने हँडल एकदम पुढे ढकलले तरी गाडी धक्का न देता वेग घ्यायची, ती या रिलेमुळे. पण ब्रेकर आणि रिले निर्णय घेतात, नोंद ठेवत नाहीत. विनाकारण पडलेला ब्रेकर का पडला, हे तो ब्रेकर सांगू शकत नाही. त्याची सेटिंग कुठे ठेवायची, हे ठरवायला कोणीतरी कधीतरी प्रवाहाची लाट डोळ्यांनी पाहिलेली असावी लागते. ती पाहण्याची साधने होती: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले ब्लाँडेल आणि डडेल यांचे ऑसिलोग्राफ, ज्यांत इवल्याशा आरशावरून परावर्तित झालेला प्रकाश सरकत्या फिल्मवर लाट काढत असे, आणि कार्ल फर्डिनांड ब्राउन यांची १८९७ ची कॅथोड किरणांची नळी, जिच्यापासून पुढे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ‘सीआरओ’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखले गेलेले यंत्र, म्हणजे ऑसिलोस्कोप, तयार झाले. पण सीआरओ मुळात व्होल्टेज दाखवतो. त्याला प्रवाह दाखवायला लावायचे, तर पुन्हा शंट हवा, पुन्हा तार तोडणे आले, पुन्हा भारित बाजूचे संकट आले. त्यामुळे प्रवाहाचा आकार कारखान्याच्या चाचणीगृहात आणि खास परीक्षणांत दिसायचा. सबस्टेशनमध्ये दिसायचा नाही. (जुन्या सबस्टेशनांतले ब्रेकर आणि त्यांच्या सेटिंगच्या वह्या संग्रहालयातल्या इंजिनांइतक्याच जपण्याजोग्या आहेत, असे मला वाटते. त्या काळातल्या प्रवाहाच्या आकाराचा तोच एक लेखी पुरावा ठरू शकतो.)

तार न तोडता प्रवाह ओळखता येतो, हे तत्त्व १८२० इतके जुने आहे. तारेजवळ ठेवलेली होकायंत्राची सुई वळते, हे ओर्स्टेडने त्या वर्षी दाखवले. प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असते, ते पकडायचे. एसीसाठी हे सोपे आहे: लोखंडाची उघडमीट करणारी कडी तारेभोवती घालायची, कडीवर तारेचे वेढे द्यायचे, आणि फॅरेडेच्या १८३१ च्या नियमाप्रमाणे वेढ्यांत प्रवाह उपजतो. आपल्याकडचा प्रत्येक वायरमन ज्याला ‘टाँग टेस्टर’ म्हणतो, तो हाच. पण बदलत नसलेल्या चुंबकीय क्षेत्रातून वेढ्यांत काहीच उपजत नाही, म्हणजे साधा टाँग टेस्टर डीसीपुढे आंधळा असतो. त्यावरचा उपाय एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये बाल्टिमोरला सोन्याच्या वर्खावर शोधला होता: प्रवाह वाहणाऱ्या पट्टीला चुंबकीय क्षेत्रात धरले, की पट्टीच्या कडांमध्ये आडवा व्होल्टेज निर्माण होतो, आणि क्षेत्र स्थिर असले तरी तो टिकतो. सोन्यात हा परिणाम अगदी क्षीण होता. इंडियम अँटिमोनाइडसारखे अर्धवाहक हाती आले, तेव्हा म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचे उपकरण झाले. ऑसिलोस्कोपच्या करंट प्रोबमध्ये या दोन्ही कल्पना एकाच जबड्यात बसवलेल्या असतात. फेराइटच्या कडीला एक फट, फटीत हॉलचा तुकडा, कडीवर वेढे. स्थिर आणि सावकाश बदलणारा प्रवाह हॉलचा तुकडा ओळखतो. त्याच्या इशाऱ्यावर अँप्लिफायर वेढ्यांतून उलटा प्रवाह सोडून कडीतले क्षेत्र जवळपास शून्यावर आणतो, आणि तो उलटा प्रवाह किती लागला हेच मोजमाप ठरते. जलद बदलाला हॉलच्या तुकड्याची गरज नसते, तिथे वेढेच ट्रान्सफॉर्मरचे काम करतात. एकाचे क्षेत्र जिथे संपते, तिथे दुसऱ्याचे सुरू होते, आणि डीसीपासून कित्येक मेगाहर्ट्झपर्यंत एकच सलग लाट पडद्यावर येते. अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीने असे डीसी प्रोब १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणले. हे उपकरण वापरायचे नियमही त्याच्या रचनेतून येतात: आधी कडीतले उरलेले चुंबकत्व काढायचे, शून्य लावायचे, बाणाची दिशा प्रवाहाच्या दिशेने ठेवायची, आणि कडी संपृक्त होईल एवढा प्रवाह तिच्यातून नेऊ नये. प्रवाह फार लहान असेल तर तीच तार जबड्यातून पाच वेळा फिरवायची. मापन पाचपट होते. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एकत्र घातल्या तर शून्य दिसते, आणि शून्य दिसले नाही, तर कुठेतरी गळती आहे.

आता पुन्हा विरारला येऊ. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने पुढचे सर्व विद्युतीकरण २५,००० व्होल्ट, ५० हर्ट्झ एसीवर करायचे ठरवले. मुंबई तोवर डीसीवर स्थिरावलेली होती, तशीच राहिली. १९७० च्या दशकात गुजरातकडून येणारी एसीची तार विरारपर्यंत पोचली, आणि विरार ही दोन वीजपद्धतींची हद्द झाली. दक्षिणेला डीसी, वैतरणेच्या बाजूला एसी, आणि मध्ये तारेचा एक निर्जीव तुकडा, जिथे दोन्ही पद्धतींवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिने चालत्या गाडीत पद्धत बदलत. पुढची सुमारे पस्तीस वर्षे विरारच्या उत्तरेला आणि दक्षिणेला प्रवाहाचे स्वरूप मुळातूनच वेगळे होते. इथे दुसरा आक्षेप येतो: एसी आल्यावर मोजणे सोपेच झाले ना? प्रवाह सोळापटींहून कमी, सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर हे स्वस्त आणि भरवशाचे साधन, आणि उच्च दाबापासून आपोआप विलगता. हे सारे खरे आहे, पण ते आकड्यापुरते. एसी गाडीत २५,००० व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि निर्जीव तुकडा ओलांडून सर्किट ब्रेकर पुन्हा लावला, की तो ट्रान्सफॉर्मर क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतो. गाभ्यात आधीचे चुंबकत्व उरलेले असते, ब्रेकर लाटेच्या कुठल्या बिंदूला लागला त्यावर गाभा संपृक्त होणे अवलंबून असते, आणि मग प्रवाहाचे उंच, एकाच बाजूचे डोंगर उठतात, ते सावकाश विझत जातात. आकड्याकडे पाहिले तर ते शॉर्ट सर्किटसारखे दिसतात. संरक्षण करणारा रिले फसू नये, म्हणून तो दुसरी हार्मोनिक, म्हणजे १०० हर्ट्झचा अंश तपासतो: एकतर्फी लाटेत तो भरपूर असतो, खऱ्या दोषात नसतो. म्हणजे डीसीच्या जागी एसी आला तरी प्रश्न तोच राहिला. आणि सीटीची एक कमतरताही इथे उघडी पडते. एकतर्फी लाटेतला डीसीचा अंश तिला नीट दिसत नाही, उलट तो तिचाच गाभा संपृक्त करून तिची लाट वाकडी करतो. हॉलचा प्रोब ही लाट जशी आहे तशी दाखवतो.

या प्रश्नाची सर्वांत तीक्ष्ण आवृत्ती २००७ नंतर आली. त्या वर्षाच्या अखेरीस पश्चिम रेल्वेवर मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातल्या नव्या, सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या गाड्या धावू लागल्या. त्या डीसी आणि एसी दोन्हींवर चालत. वसई-विरार महापालिका झाली त्या २००९ च्या आसपासच्या वर्षांत याच गाड्यांच्या जोरावर मार्गाचा एकेक टप्पा एसीवर नेता आला, आणि २०१२ मध्ये या मार्गावरची डीसी-एसीची हद्द पुसली गेली. या गाड्यांत रोध कापत जाण्याची जुनी रीत नाही. आयजीबीटी नावाचे अर्धवाहक स्विच दर सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून तीन फेजच्या इंडक्शन मोटरला हवी तशी लाट बनवून देतात, आणि ब्रेक लावताना मोटरमधली वीज परत तारेत पाठवतात. उघडझापीचे पडसाद मात्र गाडीने ओढलेल्या प्रवाहात उमटतात. तो प्रवाह परत जातो रुळांमधून. आणि त्याच रुळांतून सिग्नलच्या ट्रॅक सर्किटचे क्षीण संकेत वाहत असतात, ज्यांच्यावरून पुढचा रूळ मोकळा आहे की नाही हे ठरते. गाडीच्या प्रवाहातला एखादा अंश त्या संकेताच्या वारंवारतेला जुळला, तर व्यापलेला रूळ मोकळा भासण्याची शक्यता तयार होते. म्हणून नवी गाडी स्वीकारण्याआधी तिच्या प्रवाहातले असे अंश मोजतात, आणि काही वारंवारतांच्या पट्ट्यांत ही मर्यादा मिलिअँपिअरमध्ये असते. शेकडो अँपिअरच्या प्रवाहात लपलेला अर्ध्या अँपिअरहून कमी अंश शोधायचा! काट्याचा मीटर इथे काहीच सांगू शकत नाही. एसी अंशासाठी १९१२ पासून माहीत असलेली, लोखंडाचा गाभा नसल्याने कधीच संपृक्त न होणारी रोगोव्स्की कॉइल, डीसी अंशासाठी हॉलचा सेन्सर, आणि मिळालेल्या लाटेचे वारंवारतांमध्ये पृथक्करण, एवढ्यांवर हे काम उभे राहते.

तिसरा आक्षेप स्थळाचा आहे. प्रोब अमेरिकेत बनला, हॉल बाल्टिमोरचे, रोगोव्स्की जर्मनीतले, ब्रेकरही मुळात परदेशातले. मग या गोष्टी वसई-विरारच्या इतिहासात का घालायच्या? उपकरण कुठे बनले यावरून त्याचा इतिहास ठरवायचा, तर मुंबईच्या लोकलचा इतिहासही इंग्लंडलाच द्यावा लागेल. प्रश्न कुठे उभा राहिला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. दोन वीजपद्धती कित्येक वर्षे एकमेकींना भिडलेल्या, गाडी मिनिटामिनिटाला सुटणारी, २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर पोचलेले शहर रोज मुख्यतः याच मार्गाने मुंबईला जाणारे-येणारे: असे ठिकाण प्रवाहाच्या आकाराचा प्रश्न पुस्तकी राहू देत नाही. आणि तो रेल्वेपुरताही राहिलेला नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतल्या लघुउद्योगांच्या गाळ्यांत मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, वेल्डिंग इन्व्हर्टर, एलईडीचे ड्रायव्हर चालतात. ही सगळी उपकरणे लाटेच्या शिखरापाशी प्रवाहाचे झटके ओढतात. स्वस्त टाँग टेस्टर लाट साइनची आहे असे गृहीत धरतो: सरासरी मोजतो, तिला १.११ ने गुणतो, आणि उत्तर दाखवतो. समजा, प्रवाह फक्त चतुर्थांश वेळ वाहतो, तेवढा वेळ १०० अँपिअर. खरे आरएमएस मूल्य, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने परिणामकारक प्रवाह, ५० अँपिअर येते. सरासरी २५, आणि टेस्टर दाखवतो जेमतेम २८. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे केबल टेस्टरवरून काढलेल्या हिशेबाच्या तिपटीहून जास्त तापते. वायरमनने मोजणी केली, आकडा मर्यादेत निघाला, आणि तरीही केबल जळाली, तर चूक त्याच्या हाताची नसते. ती मीटरच्या गृहीतकाची असते. ट्रू आरएमएस मीटर ही चूक टाळतो. प्रोब आणि ऑसिलोस्कोप ती चूक का होते हेही दाखवतात. अशा गाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात, आयटीआयच्या कार्यशाळेत, पडद्यावर ही लाट प्रत्येकाने एकदा तरी पाहावी, असे मला कळकळीने वाटते. एवढ्या साध्या गोष्टीने आगी टळतात.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. नव्या गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये प्रवाहाचे हॉल सेन्सर कायमचे बसवलेले असतात, आणि नियंत्रक त्यांची वाचने सतत घेऊन पुढची उघडझाप ठरवतो. मग बाहेरून प्रोब लावायची वेळ तरी का यावी? कारण नियंत्रकाला प्रवाहाबद्दल जे काही ठाऊक आहे, ते त्या सेन्सरनेच सांगितलेले असते. सेन्सरचे शून्य तापमानाने सरकले, तर नियंत्रकाच्या लेखी प्रवाह समतोल असतो आणि प्रत्यक्षात त्यात डीसीचा अंश शिरलेला असतो. सेन्सर काही मायक्रोसेकंद उशिरा बोलला, तर उघडझापीचा क्षण चुकतो. ही चूक गाडीच्या स्वतःच्या नोंदीत सापडत नाही, कारण नोंदही त्याच सेन्सरची असते. म्हणून चाचणीच्या वेळी त्याच वाहकाभोवती स्वतंत्र प्रोबचा जबडा बसवतात. पण प्रोबचाही स्वतःचा विलंब असतो, व्होल्टेजच्या प्रोबपेक्षा तो काही नॅनोसेकंदांनी वेगळा, आणि तो आधी जुळवून घेतला नाही तर स्विचमध्ये वाया जाणाऱ्या शक्तीचा हिशेब चुकतो. तो जुळवल्यावर सेन्सरने सांगितलेली लाट आणि प्रोबने दाखवलेली लाट पडद्यावर एकमेकींवर ठेवतात, आणि दोघींमध्ये जिथे अंतर पडते त्या वारंवारतेपासून गाडीच्या स्वतःच्या नोंदीवर विसंबायचे थांबतात.